कादंबरीच्या शेवटाचा सारांश लिहिताना आधी 'मग' मोजा

कादंबरी पूर्ण वाचली आहे असं धरूनच चालतो, दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहणं म्हणजे वाचणं नाही. शेवटची प्रकरणं पेन्सिल घेऊन परत वाचा, प्रसंगांची आठ-दहा ओळींची यादी काढा, झालं.

खरी गडबड यानंतर. एम.ए.ला असताना मी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीच्या (१९५५) शेवटावर दोन पानं खरडली होती, गावाची कुस्तीची तालीम बांधून झाली, मग राजेसाहेब आले, मग पाऊसच नाही, मग लोक निघाले, मग मास्तर... सरांनी एकेका 'मग'ला लाल गोल केला, चौदा निघाले, आणि खाली लिहिलं, "कादंबरी मीपण वाचली आहे." नागपूरच्या कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाता खाता मित्रानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, काय सांगू बाप्पा!

जो तो सांगून राहिला की 'थीम शोधा', अन् पोट्टे लिहितात, थीम: दुष्काळ. अबे, दुष्काळ हा विषय झाला! थीम म्हणजे आशयसूत्र, ते एका शब्दात मावत नाही, पूर्ण वाक्य पाहिजे, अन् असं की त्यावर कोणीतरी भांडलं पाहिजे. मी लिहीन, 'गाव एकीनं तालीम उभारू शकतं, पण पाऊस आणू शकत नाही.' हे कागदाच्या माथ्यावर लिहा आणि यादीतला एकेक प्रसंग त्याच्यासमोर उभा करा. 'लोक गाव सोडून गेले' ही नुसती बातमी आहे, पण 'ज्यांनी राबून तालीम बांधली त्यांनाच ती मागे टाकून पोटासाठी निघावं लागलं' म्हटलं की प्रसंग आणि अर्थ एकाच वाक्यात आले, वेगळं 'यातून लेखकाला सांगायचं आहे की' लिहायची गरजच नाही, ते तर कधीच लिहू नका. पुस्तकातला क्रमही पाळायची सक्ती नाही, निघून जाणारी माणसं आधी घेऊन तालमीकडे मागे वळलात तरी चालतं.

जे प्रसंग वाक्याला चिकटत नाहीत ते बाहेर, कितीही आवडते असोत. मात्र शेवटातला सगळ्यात मोठा प्रसंगच चिकटत नसेल तर वाक्य चुकलंय, ते बदला, प्रसंगाला ओढूनताणून बसवू नका. मी तेही करून पाहिलंय, मार्क कमीच पडले.

मग दीडशे शब्दांत लिहून काढा. (हा एक 'मग' माझा, चालवून घ्या.)