जे-१ वर अमेरिकेला: तारखा, नाव आणि पहिले दोन महिने

तिकीट काढण्याआधी कॅलेंडर उघडा. पोस्टडॉक किंवा व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जे-१ या देवाणघेवाण व्हिसावर जाणाऱ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांची मिळून ७.६५ टक्के कपात साधारण पहिली दोन वर्षं होत नाही. ही वर्षं मोजायची कॅलेंडरप्रमाणे, आणि त्यातला एक दिवस जरी तिथे काढला तरी अख्खं वर्ष खर्ची पडतं. २० डिसेंबर २०२५ ला उतरलेल्याचं पहिलं वर्ष बारा दिवसांत संपलं. २०२६ हे दुसरं, आणि जानेवारी २०२७ पासून कपात सुरू. तोच माणूस २ जानेवारी २०२६ ला उतरला असता तर कपात २०२८ पासून लागली असती. ६०,००० डॉलर पगारावर हा फरक ४,५९० डॉलरचा आहे. वर नाताळातलं तिकीट महाग, ते वेगळंच.

पूर्वी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तिकडे एमएस केलेल्यांनी आणखी जपून मोजावं. मागच्या सहा कॅलेंडर वर्षांत एफ किंवा जे व्हिसावर अशी दोन वर्षं आधीच वापरलेली असतील, तर पोस्टडॉकला ही सूट मिळत नाही. पगारपत्रक तयार करणाऱ्या कारकुनाला हा इतिहास माहीत नसतो, तुम्हालाच सांगावा लागतो.

उतरायची तारीख ठरते ती डीएस-२०१९ या विद्यापीठाने दिलेल्या जे-१ च्या फॉर्मवरच्या सुरुवातीच्या तारखेवरून. त्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून देशात शिरता येतं, आणि त्या तारखेनंतर ३० दिवसांच्या आत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाने तुमची नोंद सेव्हिस या सरकारी प्रणालीत पक्की करायची असते. नाही केली तर ती आपोआप बाद होते. उशीर होणार असेल तर निघण्याआधी ईमेल करून तारीख पुढे ढकलून घ्या. फॉर्म नव्याने काढून देणं त्यांच्या रोजच्या कामातलं आहे. बाद झालेली नोंद पुन्हा जिवंत करणं मात्र जिकिरीचं.

त्याच फॉर्मवरचा वर्ग नीट वाचा. ‘रिसर्च स्कॉलर’ या वर्गाला कमाल पाच वर्षं मिळतात, पण मध्येच कार्यक्रम संपवून परतलात तर पुढचे २४ महिने त्या वर्गात पुन्हा येता येत नाही. चार महिन्यांसाठी बोलावलेल्या माणसाला सवयीने ‘रिसर्च स्कॉलर’चा फॉर्म दिला जातो, आणि वर्षभराने त्याच प्रयोगशाळेत पूर्णवेळ जागा निघाली की तो अडकतो. सहा महिन्यांच्या आतलं काम असेल तर ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ मागा. त्याला ही २४ महिन्यांची आडकाठी नाही, फक्त सहा महिन्यांपुढे मुदतवाढही नाही. दोन वर्षं मायदेशी राहण्याची जी अट भारतीयांना अमेरिकी सरकारच्या कौशल्य-यादीमुळे (मायदेशाला गरजेच्या कौशल्यांची देशवार यादी) लागायची, ती डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव यादीतून निघाल्यावर सुटली. सरकारी पैशावर जाणाऱ्यांना, उदाहरणार्थ फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवाल्यांना, ती आजही लागू आहे.

नाव एकच, सगळीकडे

महाराष्ट्रातल्या पासपोर्टात आडनावाच्या रकान्यात आडनाव आणि ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं अधिक वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. समजा, ‘मंदार श्रीकांत’ आणि ‘जोशी’. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून आय-९४ ही प्रवेशनोंद काढणं. तिथे ‘फर्स्ट नेम’मध्ये नुसतं ‘मंदार’ टाकलं तर ‘नोंद सापडत नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस घाबरतो. दोन्ही शब्द एकाच रकान्यात टाका, नोंद सापडते. सापडली की तीन गोष्टी पाहा: वर्ग जे-१ आहे ना, मुक्कामाची मुदत काय पडली आहे, नावात अक्षर चुकलं नाही ना. क्वचित पर्यटक म्हणूनच नोंद झालेली असते. ती पहिल्या आठवड्यात दुरुस्त होते. वर्षाने उघडकीस आली तर वकील लागतो.

पुढे सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा (पगार आणि करासाठी लागणाऱ्या ओळख क्रमांकाचा) अर्ज, बँक, पगार, वाहन परवाना, विद्यापीठाचं ओळखपत्र, प्रत्येक ठिकाणी नावाचे तीन रकाने येतात. पहिलं ‘मंदार’, मधलं ‘श्रीकांत’, शेवटचं ‘जोशी’ असं एकदा ठरवा आणि तेच सगळीकडे लिहा. बँकेत ‘मंदार एस.’, पगारात ‘मंदारश्रीकांत’ आणि परवान्यावर तिसरंच, असं झालं की वर्षअखेरीस कराच्या कागदांचा मेळ बसत नाही. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर भारतातून निघण्यापूर्वीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नाहीतर तिकडे तुमचं पहिलं नाव ‘एफएनयू’ होतं, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’, आणि ते पुसायला वर्षं जातात. लग्नाआधीच्या नावाने पदव्या असलेल्या बायकांनी विवाह नोंदणीच्या दाखल्याची इंग्रजी प्रत सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवावी.

सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी उतरल्या उतरल्या धावू नका. देशात येऊन किमान दहा दिवस आणि सेव्हिसमधली नोंद पक्की होऊन दोनेक दिवस झाल्यावर जा. आधी गेलात तर त्यांच्या संगणकाला तुम्ही दिसत नाही, अर्ज पडताळणीत अडकतो, आणि दहा दिवस वाचवायला गेलेल्याचे सहा आठवडे जातात. मूळ पासपोर्ट, मूळ डीएस-२०१९, आय-९४ ची प्रत आणि विद्यापीठाचं पत्र लागतं, झेरॉक्स चालत नाही, फी नाही. क्रमांक येईपर्यंत कामावर रुजू होता येतं, पगारही मिळतो. आय-९ हा रोजगार-पडताळणीचा फॉर्म मात्र कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन कामकाजी दिवसांत पुरा व्हावा लागतो.

सोशल सिक्युरिटीचं कार्ड टपालाने येतं, आणि इथे एक साधी गोष्ट नडते. भाड्याच्या इमारतीतल्या टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत पाठवू शकतो. आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच असतं, नवा माणूस दारावर नाव लावतो आणि खाली पेटीकडे बघतही नाही. घराची किल्ली मिळाली त्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर इंग्रजी ठळक अक्षरांत आडनाव लिहून पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवा. घर बदललं तर नवा पत्ता १० दिवसांत आंतरराष्ट्रीय विभागाला कळवणं बंधनकारक आहे.

घर आणि पैसे

भारतात बसून, फोटो पाहून, वर्षभराचा करार करू नका. पहिले दोन आठवडे विद्यापीठाचं अतिथिगृह किंवा कुणाची सबलेटची खोली घ्या आणि प्रत्यक्ष पाहून ठरवा. ‘मी परदेशी आहे, किल्ली कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सेवा) पाठवा’ म्हणणारा घरमालक घरमालक नसतोच. झेलने गेलेला पैसा रोख दिल्यासारखा, सहसा परत येत नाही. क्रेडिट इतिहास नसल्यामुळे खरा घरमालकही कां कू करतो. त्याला नेमणुकीचं पत्र आणि पगाराचा आकडा दाखवला की बहुतेकदा जमतं. जास्तीचं डिपॉझिट किती मागता येतं हे राज्य ठरवतं. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं, एका महिन्याइतकं डिपॉझिट आणि नव्या कुलूपकिल्लीचा खर्च, याहून जास्त घरमालकाला आगाऊ घेता येत नाही. बॉस्टनमध्ये असंख्य करार १ सप्टेंबरला सुरू होतात. त्या दिवशी अर्धं शहर गाद्या घेऊन रस्त्यावर असतं, आणि ऑक्टोबरात येणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं. करारात ‘हीट’, म्हणजे घर गरम ठेवण्याचा खर्च, भाड्यात धरली आहे का ते बघा. थंड राज्यात जानेवारीचं बिल हिशेब उलटापालटा करतं. तिघांनी मिळून सही केली असेल तर एकजण निघून गेल्यावर त्याचं भाडं उरलेल्या दोघांकडून वसूल होऊ शकतं. मराठी मित्रमंडळ असलं तरी हे कलम वाचाच.

बँकेत खातं पासपोर्ट आणि पत्त्याच्या पुराव्यावर बहुतेक ठिकाणी उघडतं. भाडं अजूनही बऱ्याच जागी चेकने द्यावं लागतं आणि चेकवर तारीख महिना आधी अशी लिहायची. ४ मार्चला ‘०४/०३’ लिहिलंत तर तिकडे ते ३ एप्रिल होतं. रक्कम अक्षरी लिहिताना शेवटी सेंट अपूर्णांकात, शंभर छेदस्थानी घालून लिहितात, आणि पुढे रेघ ओढून जागा बंद करतात.

आता करकरार आणि कर. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २२ नुसार विद्यापीठात शिकवायला किंवा संशोधनाला आलेल्या भारतीयाला दोन वर्षांपर्यंत पगारावर अमेरिकी संघीय आयकर लागत नाही. त्यासाठी फॉर्म ८२३३ भरायचा, आणि त्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा. म्हणूनच वरचा क्रम महत्त्वाचा. आता यातली मेख: मुक्काम दोन वर्षांपेक्षा जास्त झाला तर सूट पुढची नाही, पहिल्या दिवसापासूनची जाते. ६०,००० डॉलरवर एकट्या माणसाचा कर २०२५ च्या दरांनी सुमारे आठ हजार डॉलर, म्हणजे दोन वर्षांचे सोळा हजार, वर व्याज. तीन वर्षांचा डीएस-२०१९ हातात असताना हा फॉर्म भरणं म्हणजे उधारीवर खाणं. भरलात तर ती रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाका आणि हात लावू नका. आणि ही दोन वर्षं उतरल्या तारखेपासून मोजतात, सुरुवातीला सांगितलेल्या कपातीची दोन वर्षं कॅलेंडरप्रमाणे. दोन्ही हिशेब एकच समजून गोंधळ घालणारे दरवर्षी भेटतात. कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियासारखी राज्यं हा करार मानत नाहीत, तिथे राज्याचा कर लागतोच.

सुरुवातीच्या कॅलेंडर वर्षांचं आयकर विवरणपत्र रहिवासी नसलेल्यांसाठीचं १०४०-एनआर आहे, साधं १०४० नव्हे. बाजारातली लोकप्रिय सॉफ्टवेअर साधंच भरतात, आणि मग रहिवासी नसताना रहिवाशाच्या सवलती घेतल्याचं निघतं. सोबत फॉर्म ८८४३ सगळ्यांनी भरायचा, जे-२ या कुटुंबाच्या व्हिसावर सोबत आलेल्या, दमडी न कमावलेल्या बायकोने किंवा नवऱ्यानेही. पगार असेल तर मुदत १५ एप्रिल, नसेल तर १५ जून. पगाराचा वर्षाचा दाखला डब्ल्यू-२ जानेवारीअखेर येतो, करकरारातल्या सवलतीचा दाखला १०४२-एस मार्चच्या मध्यापर्यंत. पहिला आला म्हणून विवरणपत्र घाईने भरून टाकू नका.

दवाखाना

जे-१ ला विम्याची किमान अट कायद्यात आहे: दर आजाराला किंवा अपघाताला १,००,००० डॉलर, आजारी माणसाला मायदेशी हलवायला ५०,०००, मृतदेह नेण्यासाठी २५,०००, आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, ५०० च्या वर नको. कुटुंबालाही हेच लागू. विद्यापीठाचा विमा कधीकधी पहिल्या दिवशी सुरू होत नाही. मधल्या दिवसांसाठी वेगळा घ्या. घसा दुखणं, ताप, मुरगळलेला पाय यासाठी ‘अर्जंट केअर’ असतं, इमर्जन्सी रूमचं बिल त्याच्या कैकपट. विमा कंपनीकडून ‘हे बिल नाही’ असं छापलेला हिशेबाचा कागद येतो, त्यावर पैसे भरायचे नसतात. दवाखान्याचं बिल आलं की आकडे जुळतात का तेवढं पाहायचं.

क्षयाच्या चाचणीत भारतीय हमखास अडकतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्याची त्वचेवरची चाचणी फुगून खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे, प्रश्न, फेऱ्या. सुरुवातीलाच रक्तावरची ‘इग्रा’ चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन मात्रांचा डॉक्टरच्या सही-शिक्क्याचा कागद निघतानाच न्या.

स्वयंपाकघर

तिकडे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. घरचा २३० व्होल्टचा मिक्सर नेऊ नका. ७५० वॉटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड होतो. ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर तिकडे मिळतात. कुकर न्या, पण सपाट बुडाचा. काचेच्या शेगडीवर गोल बुडाची कढई डगमगते. ताजा कढीपत्ता विमानतळावर काढून घेतात, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या भीतीने. खाण्याचं काहीही असो, सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर जातं, लपवलेल्याला दंड होतो.

विजेच्या शेगडीची गुंडाळी बंद केली तरी दोनचार मिनिटं तापलेलीच राहते. गॅसच्या सवयीने मोहरी तडतडल्यावर आच कमी केली तर मोहरी जळते, हिंग काळा पडतो आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलतो. मोहरी तडतडायला लागली की कढलं उचलून बाजूच्या थंड शेगडीवर ठेवा, मग हिंग, हळद घाला. वरचा पंखा बऱ्याच घरांत धूर बाहेर न टाकता गाळून पुन्हा घरातच सोडतो, तेव्हा खिडकी आधी उघडा. भोंगा वाजलाच तर त्याच्यावरचं बटण दाबा आणि टॉवेलने वारा घाला. बॅटरी काढून ठेवू नका, पाहणीत सापडली तर करारभंग धरतात.