कीटकनाशक मंडळावर माणूस सुचवण्याआधी

आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत देवगड-राजापूरच्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उभं राहिलं की लांबून पंपाचा आवाज येतो. त्या पिंपात काय ओतायचं हे आपल्यापैकी बहुतेकांना दुकानदार सांगतो. पण दुकानात काय ठेवायला परवानगी आहे, ते कोणत्या पिकासाठी आणि किती प्रमाणात, हे ठरतं दिल्ली-फरिदाबादकडे. तिथल्या केंद्रीय कीटकनाशक मंडळावर पात्र माणसं नेमा, असं निवेदन आपण बागायतदार, मच्छीमार आणि गावातले डॉक्टर मिळून देणार आहोत. त्यासाठी काय काय गोळा करायचं, कोणी करायचं, हे बैठकीत घाईघाईने बोलून झालं. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी कायदा वाचून या. कीटकनाशक अधिनियम, १९६८. निदान कलम ४, ५ आणि ६ तरी प्रत्येकाने वाचावीत, फार मोठी नाहीत. हा कायदा आला त्याच्या १० वर्षं आधी, १९५८ मध्ये, केरळ आणि मद्रास भागात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेलं धान्य-पीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. त्या चौकशीतून पुढे हे सगळं उभं राहिलं. म्हणूनच मंडळाचे अध्यक्ष कायद्याने कृषी खात्याचे नाहीत, आरोग्य सेवांचे महासंचालक आहेत. ही गोष्ट निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात हवी. कीटकनाशक हा आधी माणसाच्या जिवाचा विषय आहे आणि मग पिकाचा, हे आपण नव्याने मागत नाही, कायद्याने ते धरलेलंच आहे.

मंडळावरच्या बऱ्याच जागा पदामुळे मिळतात: औषध नियंत्रक, पीक संरक्षण सल्लागार, कृषी आणि वैद्यकीय संशोधन परिषदांचे महासंचालक, मत्स्य आणि वन्यजीव विभागांचे अधिकारी, अगदी रेल्वे आणि जहाज वाहतुकीचेही. तिथे कोण असावं यावर आपला शब्द खर्च करू नका. आपला शब्द चालायला हवा तो केंद्र सरकार नामनिर्देशनाने भरतं त्या जागांवर. त्यात औषधशास्त्रज्ञ आहे, वैद्यकीय विषतज्ज्ञ आहे, परिसंस्थेचा अभ्यासक आहे, कामगारांच्या आरोग्याचा आणि कामावरच्या धोक्यांचा जाणकार आहे. या माणसांची मुदत ३ वर्षांची असते. म्हणजे दर ३ वर्षांनी विचारायची संधी येते. आजवर आपण एकदाही विचारलेलं नाही.

आता यातल्या विषतज्ज्ञाच्या जागेविषयी जरा थांबून लिहितो, कारण माझ्या मनात हा सगळा विषय तिथूनच सुरू झाला.

काही वर्षांपूर्वी आमच्या बागेत फवारणी करणारा गडी दुपारी उलट्या करायला लागला. तोंडातून लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. गाडीत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय मारत होतास?" तो म्हणाला, "म्हायत नाय, मालकान पिंपात घालून दिल्यान." मालक मीच होतो. मी तीन औषधं एकत्र केली होती, त्यांतल्या एकाचंच नाव मला नीट सांगता आलं आणि बाटल्या बागेतच राहिल्या होत्या. डॉक्टरांनी लक्षणांवरून ओळखून अ‍ॅट्रोपिन हा उतारा सुरू केला म्हणून तो वाचला. पण घरी जाताना मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं: उलट्या, चक्कर, अशक्तपणा. कीटकनाशक हा शब्दच नव्हता. म्हणजे सरकारदरबारी त्या दिवशी आमच्या बागेत काहीच घडलं नाही.

कायद्याच्या कलम २६ प्रमाणे विषबाधेच्या घटना कळवणं बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पण कागदावर शब्दच नसेल तर कळवणार काय, आणि मंडळावर बसलेल्या विषतज्ज्ञापुढे कोकणातला एक तरी माणूस येणार कसा? २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. आपल्याकडे माणूस एकदम मरत नाही. दोन दिवस पडून राहतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पंप धरतो. म्हणून पहिली तयारी ही की प्रत्येकाने आपल्या वाडीतल्या अशा माणसांचे दवाखान्याचे कागद, त्यांना विचारून, गोळा करायचे. तारीख, काय मारलं, किती तास, काय त्रास झाला. कागद नसेल तर माणसाच्या तोंडून ऐकून लिहून घ्यायचं आणि खाली त्याचा अंगठा किंवा सही. निवेदनाला जोडताना नावं झाकायची.

त्या कागदांच्या बळावर मग विषतज्ज्ञाच्या जागेसाठी नेमकं मागता येईल. नुसती पदवी नको. ज्याने विषबाधेचे रुग्ण स्वतः तपासले आहेत, ज्याला ग्रामीण दवाखान्यात काय मिळतं आणि काय मिळत नाही हे ठाऊक आहे, आणि दीर्घकाळ थोडं थोडं अंगात जाणाऱ्या विषावर ज्याचं काम छापून आलेलं आहे, असा माणूस हवा. आपल्या ओळखीत असा कोणी प्राध्यापक असेल तर त्याचं नाव घालण्याआधी त्याचं काम वाचून घ्या. ओळख ही पात्रता नव्हे.

दुसरी तयारी मोजमापाची. आपली फवारणी इतर पिकांसारखी नाही, आणि हे तज्ज्ञाला दाखवून द्यावं लागेल. कापसात किंवा भाजीत औषध कमरेच्या आसपास उडतं. आपली आंब्याची जुनी कलमं ३० फुटांच्या वर गेलेली. गडी खाली उभा राहून किंवा फांदीवर चढून बांबूला बांधलेली गन वर धरतो आणि तेच औषध पानांवरून गळून त्याच्या तोंडावर, मानेवर, उघड्या हातांवर येतं. वारा समुद्राकडून असेल तर आणखी. जानेवारीतसुद्धा दुपारी एवढं उकडतं की रबरी हातमोजे आणि मास्क अर्ध्या तासात काढून टाकले जातात. म्हणून कामावरच्या धोक्यांच्या जाणकाराने वरून गळणारं औषध अंगावर किती बसतं हे पाहिलेलं असावं, किंवा पाहायची त्याची तयारी असावी. आपण या मोसमात एवढं करू: एका दिवसात किती २०० लिटरची पिंपं संपली, किती तास, अंगात काय कपडे, जेवणाआधी हात कशाने धुतले, हे वहीत लिहायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आणि आपण प्रत्यक्षात मारलेल्या फवारण्या शेजारी शेजारी ठेवायच्या. जास्त मारल्या असतील तर तेही लिहायचं. तुडतुडे आणि फुलकिडे आटोक्यात येईनात म्हणून आपण काय काय केलं हे लपवलं तर उरलेल्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

लेबलं जपून ठेवा. बाटलीवरच्या, विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग, लाल, पिवळा, निळा की हिरवा, वहीत टिपा. आत घडी घातलेलं माहितीपत्रक चष्मा लावूनही वाचता येत नाही. आपल्या बागांत राहणाऱ्या नेपाळी कामगारांना देवनागरी वाचता येते, पण त्या मुंगीएवढ्या अक्षरांचा त्यांनाही उपयोग नाही. एक पत्रक मोठं करून आणि एक मूळ, असं दोन्ही निवेदनाला जोडू.

पाण्याचं काम मच्छीमार सोसायटीकडे द्यावं असं मला वाटतं. जांभ्या कातळातून पाणी थांबत नाही. पहिल्या पावसात सड्यावरचं सगळं व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, थेट खाडीत येतं, जिथे बाया तिसऱ्या आणि कालवं हे शिंपले काढतात. कुठल्या बागेखालून कुठला व्हाळ कुठे मिळतो याचा हाताने काढलेला नकाशा पुरे. परिसंस्थेच्या अभ्यासकाच्या जागेसाठी खाडी आणि खारफुटी ओळखणारा माणूस मागायला तोच आधार. मोहोरावर येणाऱ्या माश्या-मधमाश्यांचाही उल्लेख असू द्या. काही बागायतदार फळधारणेसाठी बागेत कुजकी मासळी टांगून माश्या बोलावतात आणि त्याच आठवड्यात फवारणी करून त्या मारतात.

यानंतरचा भाग कठीण आहे. हितसंबंध. काजूवाल्यांनी तरी एंडोसल्फान या कीटकनाशकाचा इतिहास विसरू नये. कासरगोडच्या काजू बागांवर ते वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने फवारलं गेलं, तेही ढेकण्या या किडीसाठीच, जी आपल्याही काजूवर येते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या मुलांच्या तब्येतीवरच्या परिणामांकडे बोट दाखवलं, नंतरच्या केंद्रीय समितीने तो संबंध मानला नाही, आणि बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, १३ मे २०११ ला. पुढे मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला. २०२३ च्या आदेशात त्यातल्या मोजक्याच कीटकनाशकांवर बंदी राहिली. विषय तोच, कागद तेच, पण समितीत कोण बसलं आहे यावर निष्कर्ष बदलतो, हे यातून मला दिसतं. म्हणून प्रत्येक सदस्याने गेल्या काही वर्षांत कोणत्या कंपनीकडून मानधन, प्रवासखर्च किंवा चाचण्यांसाठी पैसे घेतले ते लेखी जाहीर करावं आणि ते लोकांना पाहता यावं, ही मागणी ठळक अक्षरांत हवी. त्या कंपनीचं औषध चर्चेला आलं की त्या सदस्याने बाहेर बसावं. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनाही हे लागू, आणि त्यात त्यांचा अपमान नाही. हाच नियम आपल्यालाही. आपल्या मसुदा समितीत कीटकनाशकांचं दुकान असलेले दोघं आहेत. ते माझे स्नेही आहेत, तरी त्यांनी तसं निवेदनाखाली लिहावं, नाहीतर सही करू नये.

मंडळावर जागा नाही मिळाली तरी दोन दारं आहेत, ती निवेदनात वेगळी मांडा. कलम ६ प्रमाणे मंडळ समित्या नेमू शकतं आणि त्यांत मंडळाबाहेरची माणसं घेऊ शकतं. उंच फळझाडांवरच्या फवारणीसाठी अशी समिती मागता येईल. दुसरं, औषधांना मंजुरी देणारी नोंदणी समिती कलम ५ प्रमाणे तज्ज्ञ बोलावू शकते, पण त्यांना मत देता येत नाही. हा फरक लक्षात ठेवा. नुसत्या बोलावण्यावर समाधान मानू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज निवेदनाच्या आधी जायला हवा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्रालयाला एवढंच विचारा: नामनिर्देशित जागा किती, सध्या कोण, मुदत कधी संपते, किती जागा रिकाम्या, गेल्या ३ वर्षांत बैठका किती झाल्या आणि कोण हजर होतं. 'का' असं विचारू नका, उत्तर येत नाही. जागा रिकामी असल्याचं उत्तर हाती आलं तर निवेदनाला धार येईल. प्रती खासदारांना आणि पुण्याच्या कृषी आयुक्तालयाला. कृषी आयुक्तालयाला अशासाठी की मंडळावर राज्यांच्या कृषी संचालकांपैकी दोघांना घेण्याची तरतूद आहे, आणि कोकणासारख्या फळबागांच्या मुलखातून ती जागा मागायला हरकत नाही.

एक चूक आत्ताच काढून टाकू. बैठकीत तिघांनी सांगितलं की २०१४ मध्ये युरोपने हापूस अडवला तो औषधाच्या अंशांमुळे. तसं नव्हतं. ती बंदी फळमाशीमुळे होती आणि २०१५ मध्ये उठली. अशी एक ओळ चुकीची गेली की वाचणारा अधिकारी पुढची पानं उलटत नाही. प्रत्येक वाक्यामागे कागद हवा, आणि कागद नसेल तर वाक्य काढायचं.

फाइल माझ्याकडे आहे. वही, लेबलं, दवाखान्याचे कागद आणि व्हाळांचा नकाशा शिमग्याच्या आधी आणून द्या. नंतर काढणी सुरू झाली की कोणाला डोकं वर काढायला वेळ नसतो. पहिला कागद आमच्या त्या गड्याचा लावायचा असं ठरवलं होतं. परवा त्याला विचारलं, तर म्हणाला, "लावा, पण माका वाचून दाखवा आधी." उद्या संध्याकाळी त्याच्या घरी जाणार आहे.