नाईफ शोमध्ये बॅलिसाँग फ्लिपिंगची स्पर्धा भरवायचीय? मग आधी हे वाचा

बॅलिसाँगचा, म्हणजे बटरफ्लाय नाईफचा, नाद लागलेली मराठी पोरं अमेरिकेत किती आहेत हे मला स्पर्धेच्या कामात पडेपर्यंत माहीत नव्हतं. बरीचशी काउंटर-स्ट्राइकमधून आलेली, २०१४ मध्ये त्या गेममध्ये बटरफ्लाय नाईफ आला आणि तेव्हापासून कॉलेजच्या पोरांच्या हातात ट्रेनर दिसायला लागले. ट्रेनर म्हणजे धार नसलेलं, पात्याच्या जागी बोथट पट्टी असलेलं. मी अटलांटाच्या बाजूला राहते, नोकरी आयटीतली, आणि गेली काही वर्षं आमच्या भागातल्या एका मध्यम आकाराच्या नाईफ शोमध्ये फ्लिपिंगची, म्हणजे मुठी फिरवत ट्रिक्स करायची, स्पर्धा भरवणाऱ्या गटात आहे. स्वतः खेळते बरी, जिंकण्याइतकी नाही. पण हल्ली "ताई, आमच्याकडच्या शोमध्ये पण करायचंय, कुठून सुरुवात करू" असं विचारणारे वाढलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

एकदम नवीन असाल तर थोडक्यात. बॅलिसाँगला दोन मुठी असतात, दोन्ही पात्याच्या बुडाशी पिव्हटवर, म्हणजे खिळीवर, फिरतात. मूठ मिटताना पात्याची धार जिच्यात जाते ती बाइट हँडल, दुसरी सेफ हँडल. बाइट हँडल धरून फिरवलंत तर बोटावर येणार, हा पहिला आणि शेवटचा धडा. मूळ फिलिपिन्सचं, बातांगास प्रांतात ताल नावाच्या गावाजवळ बॅलिसाँग नावाचीच वस्ती आहे आणि तिथले लोहार पिढ्यान्‌पिढ्या हे बनवतात, जुन्या गाड्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगचं पोलाद वापरून सुद्धा. अमेरिकेत बेंचमेड ही आज मोठी असलेली कंपनी, तिची सुरुवातच बॅलिसाँगपासून झाली. आता स्क्विड इंडस्ट्रीज, बीआरएस असे खास फ्लिपिंगसाठी बनवणारे आहेत आणि खेळ बदललाय तो यांच्यामुळे, कारण बुशिंगवर (पिव्हटमधल्या धातूच्या छोट्या नळीवर) फिरणारी, बॅलन्स केलेली मूठ मिळाल्याशिवाय आजच्या निम्म्या ट्रिक्स झाल्याच नसत्या.

आता मुद्द्याचं. फ्लिपर मंडळींना वाटतं की स्पर्धा म्हणजे ट्रिक्स, भारी खेळणारे दहा जण गोळा केले की झालं. तसं नाहीये. नाईफ शोमध्ये आपण पाहुणे असतो. तो शो टेबलं भाड्याने घेतलेल्या कारागिरांचा आणि विक्रेत्यांचा आहे, लोक तिकीट काढून चाकू बघायला आणि घ्यायला येतात, आणि आपली स्पर्धा ही त्या गर्दीत मधेच उभी राहिलेली गोष्ट असते. ब्लेड शोचंच घ्या, दर जूनमध्ये अटलांटात, वर्षानुवर्षं कॉब गॅलेरिया सेंटरला (आता नाव कॉब कन्व्हेन्शन सेंटर), शुक्रवार ते रविवार. तिथे चाकूंच्या टेबलांबरोबर ब्लेडस्पोर्ट्सची कटिंग स्पर्धा पण असते, टांगलेला दोर एका घावात कापायचा, टू-बाय-फोर म्हणजे लाकडाची जाड पट्टी तोडायची, पाण्याच्या बाटल्या उडवायच्या. ती बघताना कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही, दोर तुटला का नाही तुटला. फ्लिपिंगमध्ये तसं नसतं, बघणाऱ्याला फक्त चमचम आणि टकटक आवाज, चांगलं काय आणि वाईट काय काही कळत नाही, दोन मिनिटांत तो पुढच्या टेबलाकडे सरकतो. म्हणून माझं ठाम मत, स्पर्धेची आखणी खेळणाऱ्यांच्या सोयीने करू नका, न खेळणाऱ्याला काय दिसेल तिथून सुरू करा.

जागा पहिली. आयोजकाला मेल करताना "एक कोपरा द्या" असं लिहू नका, कोपरा मिळाला की तो बाथरूमजवळचा असतो. फूट सांगा. एकाच वेळी दोघं खेळणार असतील तर साधारण पंधरा बाय पंधरा फूट मोकळी जागा, आणि तिच्या चारी बाजूंनी अजून सहा-आठ फूट सोडून दोरी. एरियल म्हणजे हवेत उडवून झेलायची ट्रिक चुकली की चाकू सरळ खाली पडत नाही, बोटाला लागून आडवा जातो. खाली फोमच्या मॅट हव्यातच, हॉलची फरशी काँक्रीटची असते आणि त्यावर पडलं की टायटेनियमच्या मुठीला पण खड्डा पडतो, शिवाय उसळी घेतो ते वेगळंच. मॅट जिथे जोडतात तिथे टेप मारा, नाहीतर पाय अडकतो. शेजारच्या टेबलवाल्याला आदल्या दिवशीच भेटून सांगा की अमुक वेळात इथे गर्दी होणार, त्याच्या टेबलापुढे लोक पाठ करून उभे राहिले तर त्याचा धंदा बुडतो आणि मग तक्रार थेट आयोजकाकडे जाते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कधी स्टेज सांभाळलं असेल तर यातलं निम्मं काम तुम्हाला येतच असतं, माइक, खुर्च्या, आणि "अजून दोनच मिनिटं" म्हणणारा माणूस.

इन्शुरन्सचं आधी विचारा. हॉलची पॉलिसी शोची असते, तुमच्या स्पर्धेला ती लागू आहे का हे आयोजकाकडून लेखी घ्या, तोंडी नको. प्रत्येक खेळाडूची सही असलेला वेव्हर, म्हणजे लागलं तर जबाबदारी माझी असं लिहून दिलेला कागद, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकाची सही आणि पालक तिथे हजर पाहिजे.

आता सगळ्यात मोठं भांडण, लाइव्ह ब्लेड, म्हणजे खऱ्या धारेचं, का ट्रेनर. जुनी मंडळी म्हणतात धार नसेल तर ती स्पर्धा कसली. मला हे पटत नाही, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. एक तर प्रेक्षकात लहान मुलं असतात, दुसरं म्हणजे रक्त सांडलं की आयोजक पुढच्या वर्षी फोन घेत नाही. पण त्या मंडळींच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, ट्रेनरवर खेळताना माणूस धारेच्या बाजूची पर्वा करत नाही, बोटांवर आपटत गेलं तरी ट्रिक "झाली" म्हणतो, जी लाइव्हवर झालीच नसती. यावर साधा उपाय आहे. ट्रेनरच्या पट्टीच्या धारेकडच्या कडेला लाल टेप लावायची, सगळ्यांना सारखी, आणि परीक्षकाला लाल कड बोटाला लागलेली दिसली की वजा. प्रेक्षकांना पण हे एका वाक्यात सांगता येतं, "लाल लागलं की कापलं असतं", आणि मग ते अचानक मन लावून बघायला लागतात.

ट्रेनर असला तरी तपासणी सोडू नका. प्रत्येक राउंडच्या आधी एका माणसाने प्रत्येकाचं बॅलिसाँग हातात घेऊन पिव्हट हलवून बघायचा, स्क्रू ढिला असला तर वेगात फिरताना पट्टी मुठीतून सुटून उडू शकते. टॉर्क्सचे पाने, टी-८ आणि टी-१०, आणि निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारं चिकट द्रव) टेबलावर ठेवा, कोणीतरी विसरून येतोच. लॅच, म्हणजे मुठी बंद ठेवणारी कडी, काढून टाका म्हणावं, मधेच अडकते. फर्स्ट एडमध्ये गॉझ, स्टेरी-स्ट्रिप्स, चिकटपट्ट्या, ग्लोव्हज, आणि जवळचं अर्जंट केअर कुठे आहे ते लिहिलेला कागद. टिटॅनसचं इंजेक्शन घेतलंय का हा प्रश्न फॉर्ममध्ये टाकलात तर लोक हसतात, हसू द्या.

गुण कसे द्यायचे यावर मी कितीही लिहू शकते. यो-योच्या स्पर्धांमध्ये परीक्षक दोन हातात दोन क्लिकर घेऊन बसतात, एक अधिकचा एक वजाचा, प्रत्येक घटकाला क्लिक. बघून वाटतं की हेच उचलावं. जसंच्या तसं उचलू नका. बॅलिसाँगमध्ये फॅनिंगसारखी छोटी जलद फिरकी कोणीही अर्धा मिनिट करत राहिला तर क्लिकच क्लिक, आणि दुसरा चॅप्लिन किंवा झेन रोलओव्हर अशी एकच अवघड ट्रिक स्वच्छ काढतो त्याला मोजून दोनचार. मग काय, दुसऱ्या वर्षी सगळे फॅनिंगच करणार. आम्ही वापरतो ते असं: अवघडपणा, सफाई, नवेपणा, या तिन्हींना वेगळे गुण, आणि हातातून पडलं तर ठरलेली वजाबाकी. सफाईला सगळ्यात जास्त वजन द्या असं मी म्हणेन कारण तीच न खेळणाऱ्यालाही दिसते, एक ओघ असतो, थांबा नसतो, मूठ नेमक्या जागी येऊन बसते. परीक्षक तीन तरी हवेत आणि त्यातला एक तरी स्पर्धकांच्या मित्रमंडळातला नसावा. हे बोलायला सोपं, करायला महाकठीण, कारण हा खेळ एवढा छोटा आहे की सगळे सगळ्यांना इन्स्टाग्रामवर ओळखतात! चाकू बनवणाऱ्या कारागिराला परीक्षक म्हणून बसवायचा मोह होतो, पण स्पर्धक त्याचंच मॉडेल घेऊन आला तर काय, ते आधी ठरवा.

फॉरमॅट म्हणाल तर नव्यांसाठी फ्रीस्टाइल ठेवू नका. एकट्याने स्टेजवर उभं राहून मिनिटभर खेळणं भयंकर असतं. घरी कॅमेऱ्यासमोर पन्नास वेळा करून एक क्लिप टाकायची सवय असते, इथे एकच वेळ, हॉलचा एसी गार, हाताला घाम, आणि साधा डबल रोलओव्हर सुद्धा सुटतो. त्यापेक्षा स्केटबोर्डवाले खेळतात तसा नकलेचा खेळ ठेवा, एकाने ट्रिक करायची, समोरच्याने तीच करून दाखवायची, जमली नाही की एक अक्षर, अक्षरं भरली की बाद. यात गुणांचा कागदच लागत नाही आणि लोकांना पहिल्या मिनिटात नियम कळतात. ओपन गटाला, म्हणजे मुरलेल्यांना, मात्र समोरासमोर बॅटल, पाऊण मिनिटाच्या पाळ्या, दोन-दोन वेळा. पूर्ण फ्रीस्टाइल फक्त फायनलला. ब्रॅकेट आठ किंवा सोळाचंच करा, मधला आकडा आला की बाय द्यायला (काहींना न खेळता पुढच्या फेरीत सोडायला) लागतात आणि वेळ हातातून जातो. एकंदर दीड तासाच्या वर नको, आणि शनिवारी जेवणानंतर, रविवारी नाही, रविवारी दुपारी टेबलं आवरायला सुरुवात होते.

माणसं मिळतात कुठे? ऑनलाइन जाहिरातीने नावं येतात, माणसं येत नाहीत. ब्लेड शोच्या वेळी शेजारच्या वेव्हर्ली हॉटेलच्या बारजवळ रात्री जो अड्डा जमतो त्याला लोक पिट म्हणतात, तिथे खरी ओळख होते, हातात वस्तू देऊन घेऊन, एकमेकांच्या ट्रिक्स बघून. छोट्या शोला पण असा एक अड्डा असतोच, पार्किंगमध्ये का होईना.

कायद्याचं जरा सावकाश वाचा. जॉर्जियात बॅलिसाँग चालतं म्हणून सगळीकडे चालत नाही. कॅलिफोर्नियात २ इंच किंवा जास्त पात्याचं बॅलिसाँग स्विचब्लेडमध्ये धरलं जातं. हवाईत पूर्ण बंदी होती, त्यावर टेटर विरुद्ध लोपेझ खटला चालला, २०२३ मध्ये नाइन्थ सर्किट या अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी बंदी घटनेत बसत नाही म्हटलं आणि २०२४ मध्ये राज्याने कायदाच बदलला. अमेरिकन कस्टम्सच्या नियमात तर बॅलिसाँगचं नाव स्विचब्लेडच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे, म्हणजे बाहेरून धारेचं मागवलंत तर अडकणार. कॅनडात प्रतिबंधित, ब्रिटनमध्ये २०२१ पासून घरात ठेवणं पण गुन्हा. तेव्हा दुसऱ्या राज्यातून गाडीने येणाऱ्या स्पर्धकाला वाटेतल्या राज्यांचं बघायला सांगा, विमानाने येणाऱ्याला चेक-इन बॅग, ट्रेनर असला तरी, केबिनमध्ये अजिबात नाही.

आणि पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी, तिकडे घरातल्या घरात ट्रेनरच. आर्म्स रूल्समध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यापुरतंच बंधन आहे म्हणून छोटं चालतं असं कोणी सांगेल, पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरात मनाईचे आदेश वारंवार निघतात आणि त्यात सुरे बाळगणं येतं. चौकात हवालदाराला ट्रेनर आणि खरा यातला फरक समजावत बसायची हौस असेल तर तुमची मर्जी. आईवडिलांना आधी बोथट पट्टी हाताने चाचपून बघू द्या, माझ्या आईचा विरोध त्यानंतर निम्म्यावर आला, उरलेला अजून आहे.

बक्षिसं मागायला कारागिरांकडे जाताना स्पर्धेआधी निदान तीन महिने जा, शोच्या तोंडावर त्यांच्याकडे एक स्क्रू शिल्लक नसतो. नव्यांच्या गटाला ट्रेनरच बक्षीस, धारेचं फक्त अठराच्या वरच्यांना. व्हिडिओ काढणार असाल तर सेकंदाला साठ फ्रेमचा काढा, त्याखाली पट्टी नुसती धूसर दिसते आणि वाद झाला तर काही सिद्ध होत नाही, आणि व्हिडिओ ऑनलाइन टाकणार असाल तर गाणी आपल्या मनाची लावू नका, आवाज बंद करतात. गुणांचे कागद त्याच संध्याकाळी सगळ्यांना दाखवा, दोन दिवस थांबलात की कुजबुज सुरू होते. पुढच्या वर्षीची जागा मात्र रविवारी, आयोजक अजून हॉलमध्ये हिंडत असतानाच, पक्की करून घ्या, सोमवारपासून तो आठवडाभर झोपलेला असतो.