वासराचा भाव वळू निवडतानाच ठरतो

मांसासाठी गुरं पाळणारे बरेच जण भावाची काळजी विक्रीच्या महिन्यात सुरू करतात. तेव्हा हातात उरतं काय? थोडा खुराक वाढवणं, एवढंच. निम्म्याहून अधिक भाव त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी, वळू कळपात सोडला तेव्हाच ठरून गेलेला असतो, असं माझं ठाम मत आहे.

खरेदीदार गट बघतो. एकाच वयाची, एकाच बांध्याची, जवळपास सारख्या वजनाची वासरं समोर आली की त्याचा हात सैल सुटतो. गटात चार बारकी दिसली की तो त्यांच्याकडे बोट दाखवून सगळ्यांचाच भाव पाडतो. म्हणून वळू 63 दिवसच कळपात ठेवायचा. माजाचं चक्र 21 दिवसांचं, म्हणजे प्रत्येक गाईला तीन संधी मिळतात. पहिल्या चक्रात गाभण राहिलेल्या गाईचं वासरू तिसऱ्या चक्रातल्यापेक्षा सहा आठवड्यांनी थोरलं असतं. आईच्या दुधावरचं चांगलं वासरू दिवसाला किलोच्या आसपास वाढतं. दूध तोडायच्या दिवशी या दोघांत चाळीसेक किलोंची तफावत दिसते, आणि त्यात वासराचा काहीच दोष नसतो.

तुमचा वळू सध्या बारा महिने कळपातच फिरत असेल तर एकाच वर्षात हा काळ 63 दिवसांवर आणू नका. उशिरा माजावर येणाऱ्या चांगल्या गाईही रिकाम्या राहतील. दरवर्षी शेवटून काही आठवडे कमी करत जा. मग गाभण तपासणी करा आणि रिकामी निघालेली गाय विका, कितीही लाडकी असो. गाय वेळेवर माजावर येत नसेल तर आधी तिची अंगस्थिती, म्हणजे अंगावरचं मांस-चरबी, बघा. 1 (हाडं दिसणारी) ते 9 (लठ्ठ) या मोजपट्टीवर विताना ती 5 असावी, पहिलटकरीण 6. व्याल्यावर दुधाची ओढ सुरू होते, मग अंग भरून काढणं महागात जातं. त्यामुळे ही नजर विण्याच्या दोन-तीन महिने आधीच टाकायची.

आता वळू. गाय वर्षाला एक वासरू देते, वळू पंचवीस-तीस. पैसा कुठे घालायचा ते यावरून कळावं. (कोवळ्या, वर्ष-सव्वा वर्षाच्या वळूकडे पंधरा-वीसच गाई द्या.) देखणा, तकतकीत, खाऊन माजलेला वळू बघून भुलू नका. ती चरबी खुराकाची असते, ती वासरांत उतरत नाही. उतरतात ते गुण जनुकांचे, आणि त्यासाठी पैदास संस्थांचे संततीतल्या अपेक्षित फरकाचे आकडे (EPD) वाचायला शिका. एकाच जातीच्या दोन वळूंचे दूध-तोड वजनाचे आकडे 20 आणि 35 किलो असतील, तर सारख्या गाईंवर दुसऱ्याची वासरं सरासरी 15 किलोंनी जड निघतील. नुसता 35 हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही, फरकाला अर्थ आहे. कालवडींसाठी मात्र वजनाचा मोह सोडून सुलभ प्रसूतीचा आकडा बघा. अडलेली कालवड पुढच्या वेताचंही वेळापत्रक बिघडवते.

सोडण्याच्या दोन महिने आधी वळूचे पाय, डोळे, वीर्य आणि वृषणांचा घेर तपासून घ्या. वर्ष-सव्वा वर्षाच्या वळूचा घेर किमान 30 सेंटिमीटर हवा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. आज आलेल्या तापाचा फटका पुढचे कित्येक आठवडे जाणवत राहतो, बाहेरून वळू ठणठणीत दिसला तरी.

संकराबद्दल लोक टोकाचं बोलतात. गर्भधारणा आणि वासरू जगणं या गोष्टी आनुवंशिकतेने फारशा उतरत नाहीत, पण संकराने त्या चांगल्या सुधारतात. मांसाच्या प्रतीचं उलट: ती निवडीने सुधारते, संकराने फारशी नाही. म्हणून गाई संकरित ठेवाव्यात, उदाहरणार्थ अँगस-हेरफर्ड, आणि त्यांच्यावर शारोलेसारखा वाढीचा वळू एकाच जातीचा ठेवावा. दरवर्षी नव्या जातीचा वळू आणणाऱ्याचा कळप गोधडीसारखा दिसतो, आणि त्यातून सारखा गट निघत नाही. शारोलेची वासरं थोराड असतात, तेव्हा तो पोक्त गाईंनाच.

शिंगांचा खर्चही वळूच वाचवतो. बिनशिंगीपणाचं जनुक प्रभावी असतं, म्हणजे त्याची एक प्रत मिळाली तरी वासराला शिंगं येत नाहीत. दोन्ही प्रती बिनशिंगी असलेला वळू घेतला की शिंग जाळायचा त्रास संपतो.

खच्चीकरण लहानपणीच उरका. विक्रीच्या किमान 45 दिवस आधी दूध तोडा, लसी त्याआधी द्या आणि दोन्हींच्या तारखा लिहून ठेवा. आईला हाका मारत ट्रकमध्ये चढलेलं वासरू नव्या जागी लवकर आजारी पडतं, हे खरेदीदाराला ठाऊक असतं. तो विचारेल तेव्हा वही समोर ठेवा.