निवासी अभ्यासवृत्तीसाठी अर्ज करताना या चुका टाळा

कार्यकर्ते आणि अभ्यासक यांना काही आठवडे किंवा एखादे सत्र विद्यापीठात राहून, ग्रंथालय आणि प्राध्यापकांच्या सोबतीने आपले काम पुढे नेता यावे, यासाठी देशात आणि परदेशात निवासी अभ्यासवृत्ती दिल्या जातात. नाशिक जिल्ह्यात वनहक्क, गोदावरी, शेतमजूर अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षे झटणाऱ्या माणसांना या संधीची खरी गरज आहे, आणि त्यांचे अर्ज केवळ मांडणीमुळे मागे पडावेत याचे वाईट वाटते.

सर्वांत मोठी चूक प्रस्तावात होते. ‘वंचित समाजाच्या इतिहासाचा अभ्यास करणे’ एवढेच उद्दिष्ट लिहिले, तर निवड समितीला त्यात ना गाव दिसते, ना साधने, ना माणसे. तोच विषय असा मांडता येतो: काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, दादासाहेब गायकवाड यांनी तो नाशकात नेटाने चालवला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. या वर्षांतील पत्रे, छायाचित्रे आणि गाणी सत्याग्रहींच्या वारसांकडे कुठे टिकून आहेत, हे त्यांच्याच सोबतीने शोधून नोंदवायचे आहे आणि त्यांची सूची व जतन यांचे शिक्षण घेण्यासाठी विद्यापीठातला मुक्काम हवा आहे. शेवटचा भाग गाळू नका. हे काम विद्यापीठात राहूनच का करायचे, याचे उत्तर प्रस्तावात नसेल तर तो अनुदानाच्या अर्जासारखा वाचला जातो.

विद्वत्ता दाखवण्यासाठी कार्यकर्त्यांनी उसनी जड परिभाषा वापरू नये. वनहक्काचे दावे भरताना ग्रामसभेत झालेले वाद हीच त्यांची अभ्याससामग्री आहे. अभ्यासकांची चूक नेमकी उलट असते. ते ‘लोकसहभाग’ असे लिहून मोकळे होतात, पण निर्णय कोण घेणार हे सांगत नाहीत. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखाद्या कोकणा आदिवासी आजीने सांगितलेली कहाणी ध्वनिमुद्रित करायची असेल, तर तिचे नाव द्यायचे की नाही, ध्वनिमुद्रण कोणाच्या ताब्यात राहील, तिला मानधन किती मिळेल, प्रत गावात कोणाकडे असेल आणि तिने नंतर नकार दिला तर काय करायचे, हे तिच्या भाषेत तिच्याशी बोलून आधीच ठरवावे लागते. एका सहीच्या कागदाने हे काम भागत नाही.

यजमान प्राध्यापकांना न कळवता त्यांचे नाव अर्जात घालू नये. त्यांना आधी छोटे पत्र लिहावे आणि त्यात एकच नेमका प्रश्न विचारावा. शिफारसपत्रही पदापेक्षा काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीचे असावे.

अमेरिकेतील विद्यापीठ असेल तर जे-१ व्हिसासाठी (शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी येणाऱ्यांचा व्हिसा) विद्यापीठाकडून मिळणाऱ्या डीएस-२०१९ या कागदावर कोणता प्रवर्ग लिहिला आहे, हे न पाहता पुढे जाणे महागात पडते. ‘रिसर्च स्कॉलर’ म्हणून गेल्यास कार्यक्रम संपल्यावर २४ महिने त्याच किंवा ‘प्रोफेसर’ प्रवर्गात परत जाता येत नाही. मुक्काम तीन महिन्यांचा असला तरीही हे लागू होते. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ला हा अडसर नाही, मात्र त्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. म्हणून छोट्या मुक्कामासाठी हा प्रवर्ग मिळेल का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला कागद निघण्यापूर्वीच विचारावे.

तारखांचा विचारही घाईत होतो. पेठ-सुरगाण्याचे मजूर द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात, तेव्हा त्यांच्यासोबत काम करणाऱ्याने बाहेर असणे योग्य नाही. गोदावरीवर काम करणाऱ्यांनी २०२७ च्या सिंहस्थाचे महिने असेच राखून ठेवावेत. तारखा बदलून हव्या असल्यास स्वीकृतिपत्रावर सही करण्याआधी मागाव्यात, कारण व्हिसाची कागदपत्रे निघाल्यानंतर तो बदल फार किचकट होतो.