लेअरच्या यकृतात चरबी? तेल बंद करण्याआधी या चुका टाळा

पिंजऱ्यातली सगळ्यात गुबगुबीत, रोज अंडं देणारी लेअर कोंबडी सकाळी मेलेली सापडते. तुरा पांढराफटक, बाकी अंगावर कसली खूण नाही. पोट उघडलं की यकृतावर रक्ताची गुठळी आणि सगळीकडे चरबी. फॅटी लिव्हर हेमरेजिक सिंड्रोम असं या दुखण्याचं नाव. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. आपल्याकडे उन्हाळ्यात, पिंजऱ्यातल्या आणि भर उत्पादनातल्या लॉटमध्ये ते जास्त दिसतं.

मर सुरू झाली की बहुतेक फार्मवर पहिला हुकूम सुटतो तो तेल बंद करण्याचा. दुसरा लिव्हर टॉनिकचा. चार दिवसांनी फोन येतो, "डॉक्टरसाहेब, तेल बंद केलं, टॉनिक चालू आहे, तरी रोज दोन-तीन पक्षी जातातच." जाणारच. यकृतातली चरबी मुख्यतः तेलातून आलेलीच नसते.

चरबी मक्यातून बनते

हिशोब करून बघा. 60 ग्रॅमच्या अंड्याच्या बलकात साडेपाच ग्रॅमच्या आसपास चरबी असते. कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम मॅश, म्हणजे दळलेलं मिश्र खाद्य, खाते. मका-सोयापेंडीच्या साध्या मॅशमध्ये तीन टक्के चरबी धरली, तर पोटात गेली जेमतेम सव्वातीन ग्रॅम. उरलेली कोंबडी स्वतः तयार करते, आणि तीही जवळपास सगळी यकृतात. डुकरात किंवा गाईत हे काम चरबीच्या पेशी करतात. पक्ष्यांमध्ये त्या पेशी नुसतं कोठार, कारखाना म्हणजे यकृत.

कच्चा माल स्टार्च. मक्याच्या स्टार्चचं ग्लुकोज होतं. यकृतात त्यापासून सायट्रेट आणि मग एटीपी सायट्रेट लायेज या एन्झाइममुळे अ‍ॅसिटिल-कोए, म्हणजे चरबीची मूळ वीट, तयार होतं. अ‍ॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेज पुढचं दार उघडतं, फॅटी अ‍ॅसिड सिंथेज सोळा कार्बनची साखळी विणतं. या विणकामाला लागणारं एनएडीपीएच हे मदतनीस रसायन कोंबडीत मुख्यतः मॅलिक एन्झाइमकडून येतं. भरल्या पोटी इन्सुलिन आणि थायरॉईडचं टी-थ्री ही संप्रेरकं या एन्झाइमांना वाढवतात, उपाशीपोटी ग्लुकॅगॉन हे संप्रेरक त्यांना दाबून टाकतं. खाद्यातलं तेल, विशेषतः सोयाबीन तेलासारखं लिनोलिक आम्ल भरपूर असलेलं, याच एन्झाइमांना आवर घालतं.

म्हणून तेल काढून त्या जागी मका भरला की आपण यकृताचं काम वाढवतो. उलट केलं, म्हणजे मक्यातली काही ऊर्जा काढून तेवढीच तेलातून दिली, तर यकृताला स्वतः कमी चरबी बनवावी लागते. "तेवढीच" हा शब्द मात्र विसरू नका. एक किलो तेल अडीच किलो मक्याहून जास्त ऊर्जा देतं. टनाला 20 किलो तेल घातलं आणि मक्याला हात लावला नाही, तर मॅशची ऊर्जा वाढली आणि पक्षी आणखी सुटला. तेल घालताना मका साधारण 50 किलोने उतरतो. मोकळ्या जागेत डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा) किंवा पेंड जाते, तिचीही ऊर्जा धरावी लागते. सगळा फॉर्म्युला परत काढा, अंदाजपंचे नको.

मॅशची ऊर्जा किलोला 2500 ते 2700 किलोकॅलरीच्या दरम्यान ठेवतात. उन्हाळ्यात शेडचं तापमान चढतं, अंग उबदार ठेवायला लागणारी ऊर्जा कमी होते आणि पिंजऱ्यात हालचाल तशीही नसते. हिवाळ्याचाच फॉर्म्युला एप्रिल-मेमध्ये चालू ठेवला तर जास्तीची ऊर्जा यकृतात आणि पोटाखाली जाऊन बसते. सोयापेंड महागली म्हणून प्रथिनं कापली आणि मका तसाच ठेवला तरी गत तीच. चरबी यकृताबाहेर न्यायला प्रथिनांचं वेष्टण लागतं, ते कमी पडतं.

हुकूम इस्ट्रोजेनचा

पुलेट, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तलंग, 16-18 आठवड्यांची झाली, दिवे वाढले, अंडाशय जागं झालं की रक्तात इस्ट्रोजेन चढतं. यकृत मोठं होतं आणि बलकासाठी लागणारे व्हिटेलोजेनिन (बलकाचं प्रथिन) आणि व्हीएलडीएल (रक्तातून चरबी वाहून नेणारे कण) जोरात बनवू लागतं. या व्हीएलडीएलवर अ‍ॅपोव्हीएलडीएल-दोन नावाचं प्रथिन बसतं. ते वाटेत लायपोप्रोटीन लायपेज या एन्झाइमला चरबी फोडू देत नाही, म्हणून माल जसाच्या तसा बलकात पोचतो. नर कोंबड्याला इस्ट्रोजेन टोचलं तर त्याचं यकृतही व्हिटेलोजेनिन बनवू लागतं, इतका हा हुकूम कडक.

यातूनच पुढची चूक होते. कुणीतरी हौसेने रक्त लॅबला पाठवतो, रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे, साखर 230, आणि फार्मवर घबराट. अंड्यावरच्या कोंबडीत ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर असणं नेहमीचं आहे, ते बलकाकडे निघालेलं असतं. कोंबडीची साखर 200 ते 250 हीसुद्धा तिची रोजचीच. माणसाच्या रकान्यातले आकडे लावून या दुखण्याचं निदान करू नका, आणि इन्सुलिनचा माणसातला हिशोबही इथे लावू नका. पक्ष्यात चरबीच्या कोठाराची किल्ली प्रामुख्याने ग्लुकॅगॉनकडे असते.

फक्त रंग बघून निदान

यकृत पिवळं दिसलं की "फॅटी लिव्हर" असा शिक्का मारणारे पुष्कळ. अंड्यावरच्या कोंबडीचं यकृत पुलेटपेक्षा फिकं असतंच, आणि पिवळ्या मक्याच्या रंगद्रव्यामुळे ते आणखी पिवळसर दिसतं. नुकत्या उबलेल्या पिल्लाचं यकृतही बलकामुळे पिवळंच असतं.

पक्षी उताणा ठेवून पोट उघडताना आधी पोटाखालचा चरबीचा थर पाहा. मग यकृताचा एक लोब बोटाने अलगद उचला. या दुखण्यात तो बोटावर टिकत नाही, मऊ लोण्यासारखा फाटतो, सुरीला तेलकट थर लागतो. कडेला, पातळ आवरणाखाली छोट्या-छोट्या गुठळ्या दिसतील, काही ताज्या लाल, काही जुन्या तपकिरी-हिरवट. जुन्या गुठळ्या जास्त महत्त्वाच्या, त्या दिसल्या म्हणजे रक्तस्राव आधीपासून थोडाथोडा चालू होता. शेवटी एक मोठी फूट पडली आणि पक्षी गेला. चार-पाच मेलेले पक्षी उघडावेत, शक्य असेल तर एक जिवंत भारी पक्षीही, आणि यकृताचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे द्यावा.

उष्माघाताशी गल्लत नेहमी होते. उष्माघातात दुपारी-संध्याकाळी एका झटक्यात खूप पक्षी जातात आणि पोटात गुठळी नसते. फॅटी लिव्हरची मर रोज थोडी-थोडी, आणि वेचून भारी पक्ष्यांची.

अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने यकृतही मोठं आणि फिकं पडतं, पण तिथे पक्षी लठ्ठ असलाच पाहिजे असं नाही. उलट वाढ खुंटते, खाद्य कमी होतं, लसीचे टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) पडतात. पावसाळी मका 14 टक्क्यांहून ओला घेतला असेल तर आधी त्याची तपासणी. दोन्ही एकत्रही असू शकतं, कारण बुरशीचं विष यकृताची चरबी बाहेर पाठवण्याची ताकदच मोडतं.

दोन-तीन आठवड्यांच्या ब्रॉयलर पिल्लांत यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही फिके, सुजलेले दिसले तर तो आजारच निराळा. तिथे बायोटिनच्या कमतरतेने पायरुव्हेट कार्बोक्सिलेज मंदावतं आणि साखर पडते. त्यावर बायोटिनच द्यावं लागतं.

टॉनिकवर भिस्त

कोलीन, मेथिओनिन, बी-बारा, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम यांना अर्थ आहे. कोलीनपासून बनणारं फॉस्फोलिपिड नसेल तर व्हीएलडीएलची पुडी बांधली जात नाही. पण मक्याची ऊर्जा तशीच ठेवून बाटल्या रिकाम्या करणं मला निव्वळ पैशाची नासाडी वाटते. बाटलीपेक्षा खाद्यातलं कोलीन तपासा. कोलीन क्लोराइड पावडर हवेतली ओल ओढते आणि व्हिटॅमिनचा नाश करते. ती प्रिमिक्समध्ये (व्हिटॅमिन-खनिजांच्या तयार मिश्रणात) आधीच मिसळून महिनाभर ठेवू नका, मॅश काढताना वेगळी घाला.

एकदम खाद्य तोडणं

घाबरून दोन दिवस खाद्य बंद करणारेही भेटतात. उपाशी पोटी ग्लुकॅगॉन चढतं, यकृतातली चरबीनिर्मिती थांबते हे खरं, पण अंडंही थांबतं आणि अंगावरचं मांस झडतं. उपाशी ठेवून सक्तीने मोल्टिंग (पिसं गाळायला लावणं) करण्याविरुद्ध भारतीय पशु कल्याण मंडळाने 2011 मध्येच सूचना काढली आहे. ऊर्जा हळूहळू उतरवा, प्रथिनं आणि अमिनो आम्लं सांभाळा. अंड्याचं वजन घसरू लागलं की थांबा.

वजन न करता हे सगळं चालत नाही. दर आठवड्याला शेडच्या ठरलेल्या पिंजऱ्यांतले तेच पक्षी तोला आणि तुमच्या जातीच्या तक्त्याशी ताडून पाहा. चरबी तीन महिन्यांपासून साठत असते, मर आज दिसते. आणि खाद्य बदलल्यावर मर लगेच थांबत नाही, कारण ज्यांची यकृतं आधीच फाटायला आली आहेत ते पक्षी जातातच. त्यामुळे चौथ्या दिवशी फॉर्म्युला पुन्हा बदलू नका. मेलेले मोजून बदल ठरवण्यापेक्षा त्या पिंजऱ्यांची वजनं उतरताहेत का ते पाहा, आणि पुढचा बदल त्यावरून ठरवा.