थंड प्रदेशात घरची तंबाखू: पहिल्या हिमदवापासून मागे मोजा

थंड प्रदेशात तंबाखू करायची म्हटली की सगळे लक्ष रोप जगवण्याकडे जाते. रोप जगते. उन्हाळ्यातले तीन महिने चांगले मिळाले तर झाड माणसाच्या उंचीचेही होते. घोडे अडते ते पान तोडून टांगल्यावर. हवा गार झालेली असते, पान पिवळे पडण्याआधीच गारठ्याने मरते आणि हाती उरतो तो हिरवा, तुरट पाला. म्हणून या पिकाचे वेळापत्रक पेरणीपासून मांडू नका. तुमच्याकडे पहिले हिमदव, म्हणजे गोठलेले दव, साधारण कधी पडते, ती तारीख धरा आणि तिथून मागे या.

टांगलेले पान पिकून वाळायला चार ते आठ आठवडे लागतात. त्यातले पहिले दोन-तीन आठवडे उबेचे हवेत, दिवसा 18 अंश सेल्सिअसच्या वर. पारा 10 अंशांच्या खाली गेला की पिकण्याची क्रिया जवळपास थांबते. म्हणजे तोडणीला हिमदवाच्या तीन-चार आठवडे आधी हात घालावा लागतो. त्याआधी पुनर्लागवडीपासूनचे, म्हणजे रोपे बाहेर जमिनीत लावल्यापासूनचे 60 ते 90 दिवस, आणि त्याही आधी घरात रोपे वाढवण्याचे सहा ते आठ आठवडे. हे गणित बसत नसेल तर मोठ्या पानाच्या उशिरा येणाऱ्या वाणाचा मोह सोडा आणि लवकर येणारा वाण घ्या. निकोटियाना रुस्टिका ही वेगळी जात लवकर तयार होते. रशियात माखोर्का म्हणतात ती हीच. तिच्यात निकोटिन नेहमीच्या तंबाखूपेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे ती नवख्याला सुचवावी असे मला वाटत नाही.

बी मागवण्याआधी आपल्या देशातला कायदा मात्र पाहा. काही देशांत स्वतःपुरती ठरावीक वजनापर्यंत लागवड चालते, काही ठिकाणी परवान्याशिवाय एक झाडही चालत नाही. आणि घरची म्हणून ही तंबाखू निर्धोक होत नाही. निकोटिन तेच, कर्करोगाचा धोकाही तोच.

बी धुळीसारखे असते, एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर. त्यामुळे चिमूटभर बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर भुरभुरा, बोटाने हलके दाबा आणि वर माती टाकू नका, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. पाणी ट्रेच्या खालून द्या. वरून धार सोडली तर बी एका कोपऱ्यात वाहून जाते. 24 ते 27 अंशांत आठवडा-दोन आठवड्यांत उगवण दिसते. चार पाने आली की एकेक रोप वेगळ्या कप्प्यात लावा. शेवटचे हिमदव होऊन गेल्यावरच रोपे बाहेर न्या, आणि तीही एकदम नाही. आठ-दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ ऊन-वारा दाखवत न्या.

जागा दिवसभर उन्हाची, निचऱ्याची, वाऱ्याला आडोसा असलेली हवी. मातीचा सामू (pH) 5.5 ते 6.5 असावा. काळे प्लास्टिक अंथरले तर गार जमीन लवकर तापते. दोन रोपांत 60 आणि दोन ओळींत 90 सेंटीमीटर अंतर पुरते. गेल्या वर्षी टोमॅटो, बटाटा किंवा मिरची होती ती जागा टाळा. सगळी एकाच कुळातली, रोगही सामाईक.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा, विशेषतः नत्राच्या (नायट्रोजनच्या). नत्र सुरुवातीलाच द्यावे. उशिरा दिलेल्या नत्राने पाने गर्द हिरवी आणि टवटवीत दिसतात, बघायला छान वाटते, पण ती पिकायचे नाव घेत नाहीत, आणि थंड प्रदेशात वाट बघायला वेळ नसतो. पालाश (पोटॅशियम) द्यायचे तर सल्फेट ऑफ पोटॅश द्या. म्युरेट ऑफ पोटॅशमधल्या क्लोराइडमुळे पान नीट जळत नाही.

कळी दिसली की शेंडा खुडा. त्यानंतर पानांच्या बगलेत फुटवे येतात, ते दर आठवड्याला काढा, म्हणजे जोर पानात उतरतो. गार, ओलसर हवेत निळ्या बुरशीवर नजर ठेवा: पानावर पिवळे डाग आणि पान उलटले की खाली निळसर करडी लव. अशी पाने लगेच काढून दूर न्या. मोझॅक विषाणू तर हातानेच पसरतो. सिगारेट किंवा तंबाखू हाताळली असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नका.

ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून अंगात जाते. दव पडलेली पाने उघड्या हातांनी तोडली की मळमळ, उलटी, चक्कर येते. दव वाळू द्या, हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घाला, आणि मुलांना या कामाला लावू नका.

तयार पान हाताला कळते. ते जाड, किंचित खरखरीत लागते, हिरव्यात पिवळे ठिपके उतरतात, टोक खाली वळते, आणि दुमडले की घडीवर कट्‌कन मोडते. खालची पाने आधी तयार होतात; दर आठवड्याला दोन-तीन काढत वर जा. हिमदवाचा अंदाज अचानक आला तर मात्र पानाची वाट पाहू नका. अख्खे झाड बुंध्यात कापून आत उलटे टांगा. खोडातल्या पाण्यावर पाने हळूहळू मरतात, आणि तेच आपल्याला हवे असते.

हिरवेपणा जातो तो पान जिवंत असेपर्यंतच. तोडलेले पान साठवलेले पिष्ट वापरत उपाशी राहते, हरितद्रव्य मोडते, पिवळेपणा येतो, मग तपकिरी. मध्येच वाळले किंवा गोठले की रंग तिथेच बसतो, आणि मग काही केले तरी जात नाही. हीटर चालू असलेल्या घरात हवा फार कोरडी होते आणि चार दिवसांत पान हिरवेगार कुरकुरीत होते. हवी असते 65 ते 70 टक्के आर्द्रता. एक आर्द्रतामापक टांगून ठेवा. हवा कोरडी असेल तर पाने जवळजवळ टांगून भोवती सुती चादर सोडा, खाली पाण्याची बादली ठेवा. ओलावा 80 च्या वर चढू लागला तर पाने विरळ करा आणि पंखा लावा, नाहीतर बुरशी धरलीच म्हणून समजा.

जागा अगदीच गार असेल तर पान आधी ढिगात पिवळे करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात वीतभर थर रचा, वर टॉवेल टाका, खोके घरातल्या उबेत ठेवा आणि रोज वरची पाने खाली, खालची वर करा. ढीग गरम लागला किंवा कुबट वास आला तर लगेच मोकळा करा. पिवळे झालेले पान काढून टांगत जा.

मधली जाड शीर काडीसारखी मोडली की वाळवण पूर्ण झाली. ती वाकत असेल तर बांधू नका. बुरशी तिथूनच सुरू होते. वाळलेले पान दमट हवेत नरम पडू द्या, मगच हाताळा, नाहीतर चुरा होतो. जुड्या बांधून खोक्यात किमान वर्षभर मुरू द्या. घाई असेल तर 50 अंश आणि 70 टक्के आर्द्रता राखलेल्या बंद पेटीत महिना-दीड महिन्यात मुरते, पण त्यासाठी थर्मोस्टॅट लागतो आणि आगीची काळजी घ्यावी लागते.

पुढच्या वर्षीचे बी हवे असेल तर सर्वात लवकर कळी आलेले एक निरोगी झाड खुडू नका. फुले उमलण्याआधी त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधा. बोंडे तपकिरी झाली की कापून घरात उलटी टांगा. एका झाडाचे बी कित्येक वर्षे पुरते.